सोने जमिनीत, शेअर कपाटात

मध्यमवर्गीय घरातल्या लोखंडी कपाटात एक खण असा असतो, की जो वर्षातून एकदाच, बहुधा दिवाळीच्या साफसफाईत, उघडला जातो. विम्याची पॉलिसी, पोस्टाची सर्टिफिकिटे, पतपेढीतल्या ठेवीच्या पावत्या, घराचा उतारा आणि या सगळ्यांच्या तळाशी कुठल्याशा कंपनीचे शेअर. कागद जाड, नक्षी सुबक, खाली संचालकांच्या सह्या. ‘अहो, याचं पुढं काय झालं?’ असे घरातली बाई विचारते आणि ‘राहू दे गं, येईल कधीतरी वर,’ हे उत्तर ठरलेले असते. आता शेअर कागदाचे राहिले नाहीत. १ एप्रिल २०१९ पासून नोंदणीकृत कंपन्यांच्या कागदी शेअरचे हस्तांतरणही बंद झाले आणि खण गेला तो डीमॅट खात्यात. पण प्रश्न तोच आहे आणि उत्तरही तेच.

सोलापूरला हा प्रश्न नवा नाही. गिरणीचा पगार, मास्तरकी, चादरी-टॉवेलांचा व्यापार यांतून उरलेला पैसा येथे पूर्वी भिशीत जाई, पतपेढीत जाई, फार झाले तर सराफाकडे जाई. १९९० नंतर तो शेअरबाजाराकडे वळला. १९९२ मध्ये हर्षद मेहता प्रकरणाने हात पोळले, तरी १९९४-९५ मध्ये नव्या कंपन्यांचे अर्ज भरायला पुन्हा रांगा लागल्या. सागवानाची झाडे लावून वीस वर्षांत लखपती करणाऱ्या योजना त्याच काळातल्या. त्या लाटेतल्या दोनशेहून अधिक कंपन्या लोकांचे पैसे घेऊन नाहीशा झाल्याची नोंद पुढे सरकारदरबारी झाली. ‘गायब कंपन्या’ असेच नाव त्यांना पडले.

पण चोर पळून गेला तर निदान चोरी झाली एवढे तरी कळते. त्याहून अवघड दुखणे वेगळेच आहे. कंपनी जागेवर आहे, कचेरी आहे, अहवाल दरवर्षी येतो, त्यात रंगीत नकाशे असतात. फक्त ज्या गोष्टीसाठी पैसे घातले ती गोष्ट होत नाही. यंदा नाही, पुढल्या वर्षी. पुढल्या वर्षी नाही, त्याच्या पुढल्या वर्षी. हे दुखणे सर्वांत जास्त ज्या धंद्यात आढळते, तो धंदा म्हणजे खाण शोधणाऱ्या छोट्या कंपन्यांचा.

खाण चालवणे वेगळे, खाण शोधणे वेगळे

कोल इंडिया किंवा एनएमडीसी यांचा शेअर घेणारा माणूस चालू खाणीत वाटा घेतो. रोज माल निघतो, विकला जातो, नफा झाला तर लाभांश मिळतो. खाण शोधणाऱ्या छोट्या कंपनीचे तसे नसते. तिच्याकडे खाण नसते, विक्री नसते, त्यामुळे उत्पन्नही नसते. असतात ते काही परवाने, चार-दोन भूगर्भतज्ज्ञ, जमिनीत नळी घालून दगडाचे दंडगोल काढणारे ड्रिलिंग यंत्र आणि आशा.

सोन्याचेच उदाहरण घेऊ. उघड्या खाणीतल्या एक टन दगडात दीड-दोन ग्रॅम सोने सापडले, तरी त्या जागेचा विचार होऊ शकतो. म्हणजे दहा ग्रॅम सोन्यासाठी पाच-सात टन दगड फोडून, दळून, रसायनात घालून धुवायचा. तो दगड किती आहे, किती खोल आहे, सगळीकडे सारखा आहे की नाही, हे ठरवायलाच काही वर्षे जातात. मग खाणपट्टा, पर्यावरणाची मंजुरी, जमिनीचे व्यवहार, वीज-पाणी, कारखाना. शोधायला निघालेल्या जागांपैकी फार थोड्या शेवटी खाण होतात. निसर्गाने लावलेला हा उशीर धंद्यातच आहे. पेरू लावल्यावर दुसऱ्या महिन्यात फळ का नाही, असे शेतकऱ्याला कोणी विचारत नाही. नारळ लावला तर आणखी थांबावे लागते, हेही आपल्याला ठाऊक असते.

सोलापूरहून दक्षिणेकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर कलबुर्गी, वाडी, रायचूर ही स्टेशने आपल्या नेहमीच्या ओळखीची. त्या रायचूर जिल्ह्यात हट्टीची सोन्याची खाण आहे. निजामाच्या राज्यात १९४७ मध्ये कंपनी म्हणून उभी राहिलेली ही खाण आज कर्नाटक सरकारच्या मालकीची असून ती चालू आहे. हट्टीपासून फार दूर नसलेल्या मस्की गावी १९१५ मध्ये बीडन नावाचा एक इंग्रज खाण-अभियंता सोने शोधत फिरत होता. त्याला सापडला अशोकाचा शिलालेख, आणि तोही ज्यात अशोकाचे नाव स्पष्ट कोरलेले आहे असा. शोधायला जावे एक आणि सापडावे दुसरे, हा या धंद्याचा स्वभावच आहे. बीडनचे नाव इतिहासात राहिले. पण शिलालेखावर लाभांश वाटता येत नाही.

दगड सापडला, कायदा बदलला

याच दख्खनच्या पठारावर सोने शोधण्याचे काम गेली वीसहून अधिक वर्षे करणारी एक खासगी कंपनी मुंबईच्या शेअरबाजारात नोंदलेली आहे. तिचे नाव डेक्कन गोल्ड माइन्स. कोलारच्या सोन्याच्या खाणी २८ फेब्रुवारी २००१ रोजी बंद झाल्या. जगातल्या सर्वांत खोल खाणींपैकी एक असलेली, सुमारे तीन किलोमीटर खाली गेलेली ती खाण परवडेनाशी झाली होती. त्यानंतर देशात नवे सोने कोण शोधणार, या प्रश्नाला उत्तर म्हणून लोक या कंपनीकडे पाहत होते. सोने आवडत नाही असे घर आपल्याकडे नाही. सोन्याच्या खाणीचा वाटा काही रुपयांत मिळतो आहे म्हटल्यावर छोटे गुंतवणूकदार आले, यात नवल नाही.

कंपनीचा मुख्य प्रकल्प होता कर्नाटकात, हावेरी जिल्ह्यातल्या गणजूर येथे; म्हणजे सोलापूरकराच्या हिशेबाने विजापूर, हुबळी ओलांडून पुढे. तिच्या उपकंपनीने तेथे पूर्वेक्षण केले, साठा शोधला आणि खाणपट्ट्यासाठी अर्ज केला. अर्ज बंगळूर आणि दिल्ली यांच्यामध्ये फिरत राहिला.

दरम्यान देशातले वारे बदलले. कोळशाच्या खाणी लिलाव न करता वाटल्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१४ मध्ये २०४ कोळसा-पट्ट्यांचे वाटप रद्द केले. पाठोपाठ जानेवारी २०१५ मध्ये १९५७ च्या खाणकायद्यात दुरुस्ती होऊन यापुढे खनिजपट्टे लिलावानेच द्यायचे असे ठरले. मात्र ज्यांनी आधीच परवाना घेऊन, पैसे घालून साठा शोधला आहे, त्यांचा हक्क राखून ठेवण्याचे कलम त्यात होते. गणजूरचा अर्ज या कलमाच्या आधाराने उभा होता. भागधारक पुन्हा वाट पाहू लागले. आणि मग २८ मार्च २०२१ पासून लागू झालेल्या नव्या दुरुस्तीने ते राखून ठेवलेले हक्कच रद्दबातल ठरवले. शोधाचा खर्च परत देण्याची तरतूद ठेवली, पण खर्च परत मिळणे आणि खाण मिळणे यांत जेवण आणि जेवणाचे बिल यांच्याइतके अंतर आहे. कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली. भागधारकाच्या वाट पाहण्याला आणखी एक दालन मिळाले.

सरकारची बाजू अगदीच चुकीची होती असे म्हणता येणार नाही. लिलावाशिवाय वाटप म्हणजे वशिल्याला वाव, हे कोळसा प्रकरणाने दाखवले होते. अर्ज वर्षानुवर्षे अडवून बसणाऱ्यांमुळे खनिजे जमिनीतच राहतात, हेही खरे. पण ज्याने विहिरीची जागा शोधली, खोदली, पाणी लावले, त्याला ‘आता विहीर लिलावात घे’ असे सांगितल्यावर पुढची विहीर कोण शोधील? हे सरकारच्याही ध्यानात आले असावे. २०२३ च्या दुरुस्तीने सोन्यासह २९ खनिजांसाठी ‘गवेषण परवाना’ आणला गेला. शोधणाऱ्याला पुढच्या लिलावाच्या रकमेत हिस्सा देण्याचे त्यात मान्य केले आहे. तत्त्व चांगले आहे. पण ज्यांचे पैसे आधीच्या नियमावर विसंबून गेले, त्यांच्या दृष्टीने हा लग्न लागून गेल्यावर आलेला बँड आहे.

कंपनीने मग दुसरा रस्ता धरला. आंध्र प्रदेशात कर्नूल जिल्ह्यात, गुंतकलच्या बाजूला, जोन्नगिरी येथे जिओमायसोर या कंपनीकडे सोन्याचा खाणपट्टा होता. तो पट्टा २०१३ मध्येच मिळालेला. त्या कंपनीत सुमारे ४० टक्के वाटा डेक्कन गोल्डने या दशकात आपले नवे शेअर देऊन घेतला. पट्टा हातात असूनही पूर्ण क्षमतेच्या उत्पादनापर्यंत पोचायला दहाहून अधिक वर्षे गेली, यावरून ‘परवाना मिळाला’ आणि ‘सोने निघाले’ या दोन बातम्यांमध्ये किती वाट तुडवावी लागते याची कल्पना येईल. यात कोणी फसवले असे नाही. पण कोणी फसवले नाही म्हणून भागधारकाचे नुकसान झाले नाही, असेही नाही.

उशिराचे बिल कोणाच्या नावावर?

हे नुकसान डोळ्यांना दिसत नाही, म्हणून त्याचा हिशेब मांडून पाहायला हवा. पहिला हिशेब वेळेचा. नव्वदच्या दशकात बँकेतली ठेव दहा-अकरा टक्के व्याज देई. त्या दराने पैसा सात वर्षांत दुप्पट होतो, चौदा वर्षांत चौपट. म्हणजे त्या वेळी दहा रुपयांना घेतलेला शेअर चौदा वर्षांनी वीस रुपयांना गेला, तर ‘दामदुप्पट झाली’ म्हणून पेढे वाटू नयेत; ठेवीत ते चाळीस झाले असते. आणि शेअर दहाचा दहाच राहिला, तर ‘मुद्दल तरी वाचलं’ हे समाधानही खोटे. मुद्दल वाचले नाही, त्याचा तीन-चतुर्थांश भाग वाट पाहण्यात खर्च झाला.

दुसरा हिशेब वाट्याचा, आणि तो जास्त लबाड आहे. ज्या कंपनीला उत्पन्न नाही, तिने कचेरीचे भाडे, तज्ज्ञांचे पगार, वकिलांची फी कशातून द्यायची? बँक अशा कंपनीला सहजासहजी कर्ज देत नाही. मग ती नवे शेअर काढते. समजा, कंपनीचे एक कोटी शेअर आहेत आणि आपल्याकडे एक हजार. म्हणजे दहा हजारांत एक वाटा आपला. खाण सुरू होऊन वर्षाला तीन कोटी नफा झाला, तर आपल्या वाट्याला तीन हजार रुपये येतात. पण खाण सुरू व्हायला दहा वर्षे लागली आणि त्या दहा वर्षांत खर्च भागवायला कंपनीने आणखी दोन कोटी शेअर काढले, तर तीच खाण, तेच सोने, तोच नफा, पण आपल्या वाट्याला हजार रुपये. आपण एकही शेअर विकलेला नाही. तरी आपली दोन-तृतीयांश खाण निघून गेली. आमटी तेवढीच, पंगत वाढली.

म्हणून उशीर ही नुसती गैरसोय नव्हे. उशिराला किंमत असते, आणि ती ज्याने पहिल्यांदा विश्वास ठेवला त्याच्या खिशातून जाते. शेवटी खाण उभी राहते तेव्हा छायाचित्रात मंत्री असतात, संचालक असतात. वीस वर्षांपूर्वी ज्याच्या पैशाने पहिले भोक पाडले गेले, तो छायाचित्रात नसतो.

हे काही आजचे नाही. नळदुर्ग ज्या काळी निजामाच्या मुलखात होते, त्या काळी म्हणजे १८८६ मध्ये निजामाच्या राज्यातल्या खनिजांचे हक्क घेऊन लंडनमध्ये ‘हैदराबाद (डेक्कन) कंपनी’ निघाली. भांडवल दहा लाख पौंडांचे, दहा पौंडांचे एक लाख शेअर. त्यांतले ८५ हजार शेअर हक्क मिळवणाऱ्या मंडळींनी पूर्ण भरलेले म्हणून स्वतःकडेच ठेवले. खाण खोदायला येणारा खरा पैसा उरलेल्या थोड्या शेअरांतून. पुढे निजामाच्या दरबारातला बडा अधिकारी अब्दुल हक याने यातलेच शेअर चढ्या भावाने खुद्द निजाम सरकारला विकल्याचे उघड झाले. १८८८ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटच्या समितीने चौकशी केली. मौज अशी की, या सगळ्या घोळातही कोळसा मात्र खरा होता. त्याच कंपनीची मालमत्ता घेऊन १९२० मध्ये सिंगरेणी कोलियरीज उभी राहिली आणि ती आजही कोळसा काढते आहे. जमीन खोटे बोलत नाही. जमिनीवर लिहिलेले कागद कधीकधी बोलतात.

कधीकधी दगडही खोटे बोलायला लावले जातात. कॅनडातल्या ब्रे-एक्स या छोट्या कंपनीने इंडोनेशियात बुसांग येथे अफाट सोने सापडल्याचे जाहीर केले होते. कंपनीची बाजारातली किंमत सहा अब्ज कॅनेडियन डॉलरच्या घरात गेली. १९९७ मध्ये उघडकीस आले, की तपासणीला पाठवलेल्या दगडाच्या चुऱ्यात बाहेरून सोने मिसळले होते. जागेवर सोने जवळजवळ नव्हतेच. बुडालेल्यांत ऑन्टॅरिओतल्या शिक्षकांचा निवृत्तिवेतन निधीही होता. त्यानंतर २००१ मध्ये कॅनडाने नियम केला की, खनिजसाठ्याचा आकडा जाहीर करायचा असेल तर पात्र तज्ज्ञाने आपल्या नावाने त्याची जबाबदारी घेतली पाहिजे. आपल्या अहवालातला आकडा कोणाच्या सहीने आला आहे, एवढे पाहायला आपल्यालाही कोणी मनाई केलेली नाही.

फळलेला नवस

यावर शेअरबाजारातला अनुभवी माणूस लगेच सांगेल, ‘सुरजागड पाहा की!’ उदाहरण खरे आहे. गडचिरोली जिल्ह्यातल्या एटापल्ली तालुक्यात सुरजागडच्या डोंगरावर लोहखनिज आहे. लॉइड्स मेटल्सला तेथे ३४८ हेक्टरचा खाणपट्टा २००७ मध्ये मिळाला. पण नक्षलवाद्यांच्या विरोधामुळे काम सुरूच होईना. जून २०१३ मध्ये कंपनीच्या उपाध्यक्षासह तिघांची हत्या झाली. २०१६ मध्ये काम सुरू झाले, तर त्याच डिसेंबरात नक्षलवाद्यांनी कित्येक मालमोटारी आणि यंत्रे जाळली. नियमित काम २०२१ पासून सुरू झाले आणि मग मात्र शेअरचा भाव अनेक पटींनी वाढला. चौदा वर्षे धरून बसलेल्याचे सोने झाले, तेही लोखंडातून.

मात्र नवसाचे एक असते. फळलेला नवस सगळ्या गावाला सांगितला जातो, न फळलेल्या नवसाचा नारळ कोणी मोजत नाही. एका सुरजागडच्या जोरावर बाकीच्या दहा ठिकाणी डोळे मिटून थांबणे, याला धीर म्हणता येणार नाही.

शिवाय सुरजागडने आणखी एक गोष्ट शिकवावी. हा डोंगर तिथल्या माडिया गोंड आदिवासींच्या ठाकूरदेवाचा. तिथली जत्रा जुनी, आणि खाणीला ग्रामसभांनी विरोध नोंदवलेला आहे. आपल्याला जो ‘उशीर’ वाटतो, तो कित्येकदा दुसऱ्या कोणाची जमीन, जंगल किंवा पाणी यांच्याविषयीचा न सुटलेला प्रश्न असतो. तो प्रश्न सोडवल्याशिवाय दामटून नेलेली खाण पुढे बंद पडली, की तोटा पुन्हा भागधारकाचाच. तेव्हा ‘अडथळे दूर होत आहेत’ असे अहवालात वाचले की कोणते अडथळे आणि ते कसे दूर होत आहेत, हे विचारणे सभ्यतेचेही आहे आणि शहाणपणाचेही.

सोलापूरच्या भागधारकाने घडवलेला कायदा

विचारणे हा शब्द आला म्हणून आपल्याच गावची एक गोष्ट सांगायला हवी. कायद्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याला सोलापूरचे नाव एका कारणासाठी पाठ असते, आणि ते कारण चादर नव्हे. सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी, म्हणजे आपली १८७७ ची जुनी गिरणी, ऑगस्ट १९४९ मध्ये बंद पडली. हजारो कामगार रस्त्यावर आले. जानेवारी १९५० मध्ये केंद्र सरकारने खास वटहुकूम काढून, आणि पुढे कायदा करून, गिरणीचा कारभार आपण नेमलेल्या संचालकांच्या हाती दिला. भागधारकांची मालकी कागदावर राहिली, पण संचालक निवडण्याचा हक्क गेला आणि त्यांचा ठराव सरकारच्या संमतीशिवाय निरर्थक ठरला.

याविरुद्ध एक भागधारक थेट सर्वोच्च न्यायालयात गेला. चरणजित लाल चौधरी विरुद्ध भारत सरकार हा तो खटला. डिसेंबर १९५० मध्ये पाच न्यायमूर्तींपैकी तिघांनी त्याच्या विरुद्ध, दोघांनी बाजूने मत दिले. भागधारक हरला. पुढे सरकारने नेमलेल्या संचालकांनी प्रेफरन्स शेअर असणाऱ्यांकडे शेअरमागे आणखी ५० रुपये मागितले. ‘माझ्या हाती कारभार नाही आणि वर पैसे मात्र मी भरायचे?’ असा सरळ प्रश्न घेऊन द्वारकादास श्रीनिवास हा दुसरा भागधारक न्यायालयात गेला. मुंबई उच्च न्यायालयात तो हरला; पण १८ डिसेंबर १९५३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला. भरपाई न देता मालमत्ता काढून घेणारा हा कायदा घटनेत बसत नाही, असे ठरले. त्या काळच्या अशाच निकालांनंतर १९५५ मध्ये घटनेची चौथी दुरुस्ती झाली.

गिरणी काही कायमची वाचली नाही. १९६३ मध्ये ती बंदच झाली. पण भागधारक हा दान मागायला आलेला याचक नसून छोटा का होईना मालक आहे, ही गोष्ट सोलापूरच्या शेअरवरून देशाच्या सर्वोच्च न्यायालयात बोलली गेली. त्या गावात आज कोणी ‘आपल्या चार शेअरांना कोण विचारतो’ म्हणत असेल, तर ते शोभत नाही.

त्या काळी वार्षिक सभेत तोंड उघडायचे तर रात्रीच्या गाडीने मुंबई गाठावी लागे. तिकीट, लॉज, जेवण; सभेत चहा-बिस्किटे आणि टाळ्या. २०२० पासून अनेक कंपन्यांच्या सभा घरबसल्या पडद्यावर पाहता येतात. आधी नाव नोंदवले तर प्रश्नही विचारता येतो आणि मत घरूनच देता येते. निवडक लोकांना नवे शेअर द्यायचे असतील, तर कंपनीला तीन-चतुर्थांश मतांचा विशेष ठराव लागतो. म्हणजे पंगत वाढवण्याआधी आपल्याला विचारले जाते. आपण बहुधा ते पाकीटच उघडत नाही. एक-दशांश मते एकत्र आली तर असाधारण सभा बोलावता येते. कारभार भागधारकांच्या हिताविरुद्ध चालला असेल तर २०१३ च्या कंपनी कायद्याप्रमाणे शंभर सभासद मिळून न्यायाधिकरणाकडे एकत्रित दाद मागू शकतात. सेबीकडे तक्रार नोंदवण्याची सोय २०११ पासून संगणकावर आहे.

आणि विचारायचे तरी काय? फार नाही, पाच गोष्टी. यंदा किती मीटर ड्रिलिंग झाले? खर्चातला किती भाग जमिनीवर गेला आणि किती कचेरीवर? गेल्या वर्षी दिलेल्या तारखांपैकी कोणत्या चुकल्या आणि का? आता कोणत्या कार्यालयात कोणता कागद अडला आहे? पुढच्या खर्चासाठी नवे शेअर किती आणि कोणाला? ज्या कंपनीचा उशीर खरा आहे, ती याची उत्तरे आकड्यांत देते. जिचा उशीर हाच धंदा आहे, ती देशाच्या उज्ज्वल भविष्याविषयी बोलते.

सरकारनेही एवढे करावे, की नियम बदलताना आधीच्या नियमावर विसंबलेल्यांचा निकाल ठरावीक मुदतीत लावावा. होय तर होय, नाही तर नाही. नकार माणूस पचवतो. टांगून ठेवणे पचत नाही. आणि खर्चाची भरपाई द्यायचे कबूल केले असेल, तर तीही त्याच माणसाच्या हयातीत मिळावी.

राहता राहिले आपण. खाणीच्या शेअरमध्ये पैसे घालू नयेत, असे सांगण्याचे कारण नाही. कोणीच घातले नाहीत तर जमिनीतले सोने जमिनीतच राहील आणि आपण ते परदेशातून आणत राहू. पण संसारातल्या पैशाला बहुधा तारीख चिकटलेली असते. मुलीच्या इंजिनियरिंगची फी जूनमध्ये भरायची असते, आईच्या डोळ्यांचे ऑपरेशन दिवाळीनंतर करायचे असते, नोकरीतून निवृत्ती अठ्ठावन्नाव्या किंवा साठाव्या वर्षी ठरलेली असते. खाणीला अशी तारीख नसते. ती दगडाच्या, सरकारच्या आणि न्यायालयाच्या पंचांगाने चालते. तारीख असलेला पैसा तारीख नसलेल्या धंद्यात घालू नये, एवढे एक पथ्य पाळले तरी निम्मी निराशा टळेल. उरलेली निम्मी टाळायची, तर घरातली बाई दरवर्षी विचारते तोच प्रश्न, ‘याचं पुढं काय झालं?’, कंपनीलाही दरवर्षी विचारला पाहिजे. आणि उत्तर येईपर्यंत विचारत राहिले पाहिजे.